आईचा अबोला आणि तुझा शोध

प्रिय लेकी,

तुझं पत्र ग्लासगोहून आलंय. तू एकतीस वर्षांची. तान्ही असताना पुण्यातल्या एका संस्थेतून आईबाबांनी तुला घरी आणलं. आता दत्तक म्हणून वाढलेल्या स्कॉटिश कवयित्री जॅकी के यांचं ‘रेड डस्ट रोड’, म्हणजे जन्मदात्यांच्या शोधाचं त्यांचं आत्मकथन, वाचलंस, जन्मदात्रीला शोधावंसं वाटलं, आणि फोनवर तसं म्हणालीस. तेव्हापासून आई फोन बाबांच्या हातात देते. ‘मी कृतघ्न आहे का?’ असं विचारतेस.

मुळीच नाहीस. पण आईचा राग मला राग वाटत नाही.

जॅकी के वाचल्याच आहेस, तर त्यांचा पहिला कवितासंग्रहही वाच. ‘द अ‍ॅडॉप्शन पेपर्स’, 1991चा. त्यात मुलगी बोलते, जन्मदात्री बोलते आणि दत्तक घेणारी आईसुद्धा. दत्तक संस्थेची बाई घर तपासायला येणार म्हणून ही कम्युनिस्ट आई मार्क्स, एंगल्स, लेनिनची पुस्तकं टॉवेलांच्या कपाटात लपवते! वाचताना हसू येतं, पण घाबरलेली असते बिचारी. आपण नापास झालो तर बाळ मिळणार नाही. तुझ्या आईनेही अशी तपासणी दिली असणार. तुझ्या त्या एका वाक्याने तिला परत परीक्षेला बसवलंय, असं मला वाटतं.

आणि ‘रेड डस्ट रोड’मधलं अबुजाचं हॉटेल आठव. इतक्या वर्षांनी जॅकीला जन्म देणारे नायजेरियन वडील भेटले, ते लेकीसमोर प्रार्थनाच करत राहिले, आणि तिच्याबद्दल आपल्या घरी कळू नये असंच त्यांना हवं होतं. तरी ते पुस्तक रडगाणं नाही, कारण तिला दत्तक घेणारे ग्लासगोतले आईवडील, हेलन आणि जॉन के, तिच्या पाठीशी होते. तुझ्याही वाट्याला असा बंद दरवाजा येऊ शकतो. त्या दिवशी फोन कुणाला करशील?

म्हणून शोध घे, पण आईपासून चोरून नको. तिची परवानगी लागत नाही. अठरा पूर्ण झालेल्या दत्तक मुलांना ‘कारा’कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, स्वतः अर्ज करता येतो. तिऱ्हाइताला असा शोध घेता येत नाही, तेव्हा पैसे मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नकोस. जन्मदात्रीने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तिच्या संमतीशिवाय ते कळणार नाही. तो तिचा हक्क आहे, कितीही जिवावर आलं तरी.

अर्ज पुढच्या महिन्यात केलास तरी चालेल. आधी सुट्टी काढून घरी ये. हे बोलणं फोनवरचं नाही. शोधाचा विषय लगेच काढू नकोस. तुला घरी आणायच्या आधी कोण कोण चौकशीला आलं होतं, काय काय विचारलं, तिने काय लपवलं, ते विचार. बाबांना मध्ये बोलू देऊ नकोस.

– तुझी मावशी