जतन न होणारे पान

प्रश्न : रावेर येथील आमच्या केळी व्यवसायाचे संकेतस्थळ मी वर्डप्रेसवर एलिमेंटर हे पाने रचण्याचे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) वापरून तयार केले आहे. साधा मजकूर जतन होतो. मात्र पानात नकाशाचा आयफ्रेम (दुसऱ्या संकेतस्थळाचा भाग आपल्या पानात दाखवणारा कोड) टाकून ‘अपडेट’ दाबले की ४०३ (परवानगी नाकारली) ही त्रुटी येते. काय करावे?

उत्तर : लक्षणांवरून दोष एलिमेंटरचा नसून होस्टिंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा दिसतो. ‘अपडेट’ दाबताच पानाचा सगळा मजकूर अ‍ॅडमिन-एजॅक्स (admin-ajax.php) या फाइलकडे जातो आणि त्यात आयफ्रेम किंवा स्क्रिप्टसारखा टॅग आढळल्यास सर्व्हरवरील मॉडसिक्युरिटी ही सुरक्षा-चाळणी त्याला हल्ला समजून, वर्डप्रेसपर्यंत पोहोचण्याआधीच, अडवू शकते. खात्रीसाठी ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ विभाग उघडावा व पुन्हा जतन करून पाहावे. त्या फाइलसमोर ४०३ दिसल्यास प्लगइन काढण्या-घालण्यात वेळ दवडू नये. (मेमरी वाढवण्याचा सल्ला हमखास मिळतो, येथे तो निरुपयोगी आहे.) सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या नियंत्रण-पटलात) सोय असल्यास मॉडसिक्युरिटी क्षणभर बंद करून पाहता येते, परंतु ती तशीच बंद ठेवणे मला धोक्याचे वाटते. त्याऐवजी त्रुटीची नेमकी वेळ आणि आपला आयपी पत्ता होस्टिंग कंपनीला कळवून, सर्व्हरच्या नोंदीत ज्या क्रमांकाचा नियम आडवा आलेला दिसेल, तेवढाच आपल्या संकेतस्थळापुरता शिथिल करून घ्यावा.