फी भरण्याआधी वर्कशॉप बघून ये

प्रिय मित्रा,

डिप्लोमानंतर सीएनसीचा (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या, धातू कापणाऱ्या मशीनचा) कोर्स करायचा आहे आणि नाशिकमधली कुठली संस्था निवडावी, असं तू विचारलंस. माहितीपत्रक वाचून ते ठरायचं नाही. प्रॅक्टिकल चालू असताना जा आणि उभं राहून बघ.

आधी मशीन आणि मुलं मोज. २० जणांची बॅच, २ मशीन आणि ३ तासांचं प्रॅक्टिकल असेल, तर एकाच्या वाट्याला १८ मिनिटं येतात. तेवढ्यात जॉब (कापायचा तुकडा) मशीनवर बांधून झिरो घेणंही, म्हणजे मोजमापाचा आरंभबिंदू ठरवणंही, नीट होत नाही. ‘आम्ही ग्रुपमध्ये करून घेतो’ असं उत्तर आलं, तर एक जण करतो आणि बाकीचे बघतात, असं धरून चाल.

मग ऑफसेट, म्हणजे टूलचं टोक नेमकं कुठे आहे ते मशीनला सांगणारा आकडा, कोण घेतं ते बघ. मला विचारशील तर कोर्सची खरी परीक्षा इथेच होते. काही ठिकाणी इन्स्ट्रक्टर आधीच टूल सेट करून ठेवतात आणि मुलं फक्त सायकल स्टार्ट दाबतात. जॉब छान निघतो, पण सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या शॉपमध्ये इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) बदलल्यावर साइज सरकली की हाच मुलगा अडतो. जॉबच्या फेसला (पुढच्या सपाट बाजूला) टूल टच करून झेड (लांबीची दिशा) घेणं, थोडं टर्निंग करून मायक्रोमीटरने व्यास मोजून एक्स (व्यासाची दिशा) भरणं, हे प्रत्येकाच्या हातून व्हायला हवं. शेवटच्या महिन्यातल्या एखाद्या मुलाला विचार: बाहेरचा व्यास २५.०० मिमी हवा होता, २५.०६ आला, वेअर ऑफसेटमध्ये (बारीक दुरुस्तीच्या आकड्यात) काय भरशील? एक्स व्यासात धरलेल्या कंट्रोलवर उत्तर उणे ०.०६. उणे ०.०३ म्हणणाऱ्याचा व्यास आणि त्रिज्येत गोंधळ आहे.

मोजमापाची शिस्तही बघ. मायक्रोमीटरचा झिरो तपासतात का? जॉब गार होऊ देतात का? ५० मिमी व्यासाचा स्टीलचा जॉब ४० अंशांनी तापलेला असताना मोजला, तर सुमारे ०.०२३ मिमी मोठा दिसतो. ५० एच-७ शाफ्टचा (५० मिमी व्यास, एच-७ हा अचूकतेचा दर्जा) पूर्ण टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच, ०.०२५ मिमी असतो, म्हणजे मशीनवर बरोबर आलेला जॉब गार झाल्यावर रिजेक्ट होऊ शकतो.

नुसतं ॲल्युमिनियम कापत असतील तर ईएन-८ (मध्यम कार्बनचं स्टील) कधी देतात ते विचार. जुने जॉब मागून घे, सोबत मोजमापाचा कागद आहे का बघ, आणि स्क्रॅप झालेल्या जॉबचं कारण मुलाकडून लिहून घेतात का तेही विचार. चालू प्रॅक्टिकल बघू देत नसतील, तर तिथे फी भरू नकोस.

तुझा,
मार्गदर्शक