लिनक्सवर बूटेबल पेनड्राइव्ह: डीडी, व्हेंटॉय की वोयूएसबी?

पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करण्यासाठी त्यावर एकच लिनक्स आयएसओ (इन्स्टॉलरची इमेज फाइल) टाकायची असेल तर वेगळं काही इन्स्टॉल करू नका, डीडी (dd, लिनक्समध्ये आधीपासून असलेली कॉपीची कमांड) पुरे. आधी एलएसबीएलके (lsblk, जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवून आकारावरून पेनड्राइव्ह ओळखा आणि त्याची माउंट झालेली पार्टिशन्स अनमाउंट करा. लक्ष्य म्हणून पूर्ण डिस्क द्या (उदा. एसडीबी, sdb), पार्टिशन, म्हणजे तिचा एक भाग, नाही (एसडीबी१, sdb1). पार्टिशनवर लिहिलं तर बूट होत नाही. चुकून एसडीए (sda, बहुधा संगणकाची मुख्य डिस्क) लिहिलंत तर हार्डडिस्कच गेली, डीडी काही विचारत बसत नाही. ब्लॉक साइझ ४ एमबी ठेवा आणि एफसिंकचा पर्याय (conv=fsync, सगळा डेटा ड्राइव्हवर लिहून होईपर्यंत थांबणारा) जोडा. तो नसेल तर डेटा रॅममध्येच असताना काम संपल्यासारखं दिसतं, आणि घाईत ड्राइव्ह काढला की अर्धवट आयएसओ.

टर्मिनलची धास्ती वाटत असेल तर ग्नोम डिस्क्समधलं ‘रिस्टोअर डिस्क इमेज’ हेच काम करतं. एचर (Etcher) हे अ‍ॅप लिहून झाल्यावर पडताळणीही करतं, पण एवढ्याशा कामाला ते बोजड आहे.

तीन-चार आयएसओ लागत असतील तर सरळ व्हेंटॉय (Ventoy), एकाच ड्राइव्हवरच्या अनेक आयएसओंमधून हवी ती बूट करू देणारं टूल. एकदा बसवलं (तेव्हा ड्राइव्ह पुसला जातो) की पुढे फाइल नुसती कॉपी करायची. सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सहीचं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी संगणकातली सोय) चालू असेल तर पहिल्या वेळी व्हेंटॉयची की (key) नोंदवावी लागते.

विंडोजची आयएसओ डीडीने टाकू नका, ती हायब्रिड (जशीच्या तशी पेनड्राइव्हवर लिहूनही बूट होणारी) नसते. व्हेंटॉय किंवा वोयूएसबी (WoeUSB, लिनक्सवरून विंडोजचा पेनड्राइव्ह बनवणारं टूल) वापरा. वोयूएसबीत फाइल सिस्टिम एनटीएफएस निवडा, कारण विंडोजच्या आयएसओतली इन्स्टॉल डॉट विम (install.wim) ही फाइल बहुधा ४ जीबीच्या वर जाते आणि फॅट३२ या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये मावत नाही.