ब्रॉडकास्ट पाठवतोय पण समोरचा कॉम्प्युटर उत्तरच देत नाही, काय चुकतंय?

तुम्ही म्हणताय विंडोज लॅपटॉपवरून 255.255.255.255 वर, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांसाठीच्या ब्रॉडकास्ट पत्त्यावर, यूडीपी पॅकेट (पोच न मागता पाठवलेला छोटा डेटा) पाठवता, एरर काही येत नाही, पण त्याच वायफायवरचा दुसरा कॉम्प्युटर गप्प. एरर नाही म्हणजे ब्रॉडकास्टचा सॉकेट ऑप्शन (कोडमधली ब्रॉडकास्टला परवानगी देणारी सेटिंग) तुम्ही चालू केलेला दिसतोय, नाहीतर परमिशनवरच अडकला असता.

माझा अंदाज, पॅकेट भलत्याच दारातून, म्हणजे भलत्याच नेटवर्क कार्डातून, बाहेर पडतंय. बडोद्यात दांडिया बाजारात काकांच्या दुकानातले दोन काउंटर जोडताना माझ्या दोन संध्याकाळी यातच गेल्या, आणि काका आपले दर दहा मिनिटांनी "झालं का रे?" शेवटी वायरशार्क (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावलं तर कळलं की मी कधीकाळी टाकलेल्या व्हर्च्युअलबॉक्सचं (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) 192.168.56.1 वालं आभासी कार्ड तिथेच बसलेलं, आणि विंडोज सगळी पॅकेटं त्यातूनच सोडतंय, वायफायवर एकही नाही!

मग मी काय केलं, मशीनवरची सगळी कार्डं वाचायची, प्रत्येकाचा आयपी आणि मास्क (पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) घेऊन त्याचा ब्रॉडकास्ट पत्ता काढायचा आणि त्या त्या कार्डाला बाइंड करून (सॉकेट त्याच कार्डाच्या पत्त्याला बांधून) वेगळं पॅकेट पाठवायचं. शेवटी सरसकट 255 चिकटवू नका हां, 192.168.4.10 ला मास्क 255.255.252.0 असेल तर पत्ता 192.168.7.255 येतो.

ऐकणारा प्रोग्राम 0.0.0.0 वर (म्हणजे सगळ्या कार्डांवर) बाइंड करा, 127.0.0.1 वर (म्हणजे फक्त स्वतःच्या मशीनपुरता) केला तर बाहेरचं काही ऐकूच येणार नाही. लग्नाच्या कार्यालयात माइकवर "अमुक नंबरची गाडी कोणाची" विचारतात तेव्हा ऐकतात सगळे, पण उठतो एकटा गाडीवाला, तसं उत्तर ब्रॉडकास्ट न करता थेट विचारणाऱ्याला द्यायचं, त्याचा पत्ता रिसिव्हफ्रॉममध्ये (पॅकेट वाचणाऱ्या recvfrom फंक्शनमध्ये) मिळतोच, पॅकेटमध्ये लिहायची गरज नाही. आणि यूडीपीत पॅकेट हरवलं तरी कोणी सांगायला येत नाही, त्यातून वायफायवर राऊटरने सोडलेल्या ब्रॉडकास्टची पोचही मिळत नाही, म्हणून अर्ध्या सेकंदाने दोन-तीनदा पाठवा.

बाकी फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारी विंडोजची भिंत) बघाच, नेटवर्क "पब्लिक" धरलेलं असेल तर विंडोज बाहेरून आलेलं अडवतं. आणि गेस्ट वायफाय असेल तर राऊटर बहुतेक वेळा एकमेकांशी बोलूच देत नाही, तिथे कोड कितीही घासला तरी उपयोग नाही, आधी दोन्ही मशीन साध्या वायफायवर आणा.