घरात साइट उघडते, बाहेरून नाही? आधी वॅन आयपी बघा

घरच्या सर्व्हरवर ठेवलेली साइट बाहेरून उघडत नसेल, तर राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरची विनंती सर्व्हरकडे वळवणाऱ्या सेटिंगच्या) पानावर झटापट करण्याआधी एक तपासा. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) आणि 'माझा आयपी' असं शोधल्यावर दिसणारा आयपी एकच आहे का? वेगळे असतील आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे इंटरनेट कंपनी एकच पब्लिक आयपी (बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता) अनेक ग्राहकांत वाटते, त्यामुळे बाहेरची विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. मग राउटरमध्ये काहीही बदला, पालथ्या घड्यावर पाणी. कंपनीकडे पब्लिक आयपी मागा, नाहीतर टनेल (सर्व्हरनेच बाहेरच्या सेवेशी जोडून उघडलेली वाट) वापरा. राउटरवर १९२.१६८ दिसत असेल तर बहुधा पुढे आणखी एक राउटर बसलाय. फॉरवर्डिंग त्याच्यावरही करावं लागेल.

आयपी जुळतायत? मग फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून बघा. घरात बसून पब्लिक आयपी टाकण्यात अर्थ नाही. बऱ्याच राउटरांना हेअरपिन नॅट (घरातून पब्लिक आयपीकडे गेलेली विनंती परत घरात वळवणं) जमत नाही, आणि धडधाकट साइट बंद दिसते.

तरीही उघडेना तर सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, दाखवणारा प्रोग्राम) लावा, पोर्ट ४४३ वर (एचटीटीपीएस साइटचा पोर्ट) नजर ठेवा आणि फोनवरून साइट उघडा. पॅकेट येतच नसेल तर दोष राउटरचा किंवा त्याच्या पलीकडचा. सर्व्हरचा लोकल आयपी (घरच्या नेटवर्कमधला पत्ता) डीएचसीपीने, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीने, बदललाय का, तेही बघा. पॅकेट येतंय पण उत्तर जात नाही, तर आधी सर्व्हरची फायरवॉल तपासा. ती फक्त घरच्या नेटवर्कला परवानगी देत असते, असं सर्रास आढळतं.