शिंग, पण हाडाचं

प्रश्न : मुलीने फिनलंडहून, रोव्हानिएमीजवळच्या रेनडिअर फार्मवरून, गळलेल्या शिंगाचा वीतभर तुकडा आणला. तिथे तिने त्याची बटणं केली होती. आम्ही घरी मऊ पडावा म्हणून तासभर उकळला आणि चकत्या कापल्या. भोकं पाडताना चारपैकी तीन फुटल्या. काय चुकलं?
– एक वाचिका, सुदामानगर, इंदूर

उत्तर : पहिली चूक उकळण्याची. म्हशीचं असो की रेनडिअरचं, मराठीत दोन्हींना शिंगच म्हणतात, घोटाळा तिथेच होतो. म्हशीचं शिंग नखाच्या जातीचं. तापवलं की वाकतं, कंगवे करणारे त्याचाच उपयोग करतात. रेनडिअरचं शिंग म्हणजे हाड, दरवर्षी गळणारं आणि नव्याने फुटणारं. (या जातीत माद्यांनाही शिंगं येतात.) हाड उकळलं की पाया सूपसारखं त्यातलं कोलॅजन पाण्यात उतरतं आणि ते ठिसूळ होतं.

उरलेला तुकडा गार पाण्यात दोन दिवस भिजवा. पाणी रोज बदला, नाहीतर वास सुटेल. मग कापडात गुंडाळून शिकंज्यात धरा आणि हॅक्सॉने कापा. इंचाला २४ दातांचं पातं सियागंजात सहज मिळेल. चकती ४ मिलिमीटरची ठेवा. तिरकी कापलीत तर लांबट, जास्त देखणी बटणं निघतात. वाळवायची सावलीत, दोन दिवस. उन्हात तडकतात.

आता चकती उजेडात धरून बघा. कडेला हस्तिदंतासारखी घट्ट रिंग, मधे पावासारखा जाळीदार गर. बटणाची भोकं नेमकी त्या गरात येतात, म्हणून फुटतं. टोकाकडे गर कमी असतो, तेव्हा बटणं तिकडून काढा. बुडाकडच्या चकत्या वापरायच्याच असतील तर गरात फेव्हिक्विकचे थेंब मुरवून रात्रभर ठेवा, मग ड्रिल लावा. बिट २ मिलिमीटरचं, वेग कमी, खाली लाकडी फळी. अर्धं भोक एका बाजूने, अर्धं उलटून. जळक्या केसांसारखा वास आला की थांबा, बिट तापलंय.

घासायला पाण्याचा पॉलिशपेपर: १२०, २४०, ४००, शेवटी ८००. ओलंच घासा आणि मास्क लावा. हाडाची भुकटी फुप्फुसात जाणं वाईट. ब्लीचमध्ये ही बटणं कधीही टाकू नका, खडूसारखी होतात.

प्रश्न : रानात चितळाचं गळलेलं शिंग सापडलं. त्याची बटणं चालतील का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : नाही. गळलेलं असलं तरी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आडवा येतो. उचलू नका. घरी आणलंच असेल तर वनखात्याला कळवा.

प्रश्न : लॅपलंडचा (उत्तर फिनलंड) बर्च झाडाच्या गाठीचा पेला, कुक्सा, उन्हाळ्यात कडेला चिरला. पुढे काय काळजी घ्यावी?
– एक वाचिका, वडोदरा

उत्तर : कोरड्या हवेत कड आधी आक्रसते, आतलं लाकूड मागे राहतं, म्हणून चीर जाते. साबण, गरम पाण्यात बुडवून ठेवणं आणि कूलरसमोरचा कट्टा, तिन्ही बंद. नुसत्या पाण्याने विसळून पुसा. महिन्यातून एकदा खाण्याच्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि आठवडाभर वाळू द्या. शेंगदाण्याचं तेल नको. ते वाळत नाही, खवट होतं. जवसाच्या तेलाची चिंधी मात्र चुरगळून डब्यात टाकू नका, आपोआप पेटू शकते. दोरीवर पसरून वाळवा.