मोजायला बसलं की बीपी वाढतं!

प्रश्न : वय ६८. धास्तीने दिवसातून आठ-दहा वेळा घरी बीपी मोजते. दर वेळी आकडा वेगळाच. काय करू?

उत्तर : आधी हा सपाटा थांबवा, काळजीनेच आकडा चढतो. सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, एवढंच पुरे. लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसा (फोनवरही बोलायचं नाही!). पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खोटाच वाढतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मिनिटभराने पुन्हा मोजा. ७ दिवसांच्या नोंदींतून पहिला दिवस वगळून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरांना वही दाखवा. गोळ्या मनाने बदलू नका. १८०/१२०च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा जीभ जड होणं असेल, तर थेट रुग्णालय गाठा.